गिअरबॉक्स गेलाय म्हणायच्या आधी डिपस्टिक काढून बघा

गाडी घेऊन आठच दिवस झाले होते. सकाळी निघायचं म्हणून चालू केली, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर आर (रिव्हर्स) ला टाकला आणि गाडी जागची हललीच नाही. एक, दोन, तीन, चार... मला वाटलं लिव्हर नीट बसला नसेल, म्हणून परत पी (पार्किंग) ला नेला, परत आर, तरी तेच, मग जरा ॲक्सिलरेटर दिला आणि मागून कुणी लाथ घालावी तसा दण्णकन आवाज होऊन गाडी एकदम मागे गेली. दिवसभर नंतर काही नाही, मस्त चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

जुनी गाडी, चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेले. बघायला गेले तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती, बोनेट गरम होतं, त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला हा प्रकार दिसलाच नाही. सेकंडहँड ऑटोमॅटिक बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे एकच आधी सांगते, की गाडी थंड असतानाच बघायची, पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर सरळ म्हणायचं की मी उद्या सकाळी येते, तोवर चालू करू नका.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन गोष्टी सुरू झाल्या. साधारण ६५ ते ७५ च्या स्पीडला, पाय अगदी हलका ठेवून एकसारखी चालवत असले की गाडी थरथरायची, रस्त्यावर त्या बारीक पट्ट्यांवरून टायर जातात ना, तसं घुर्रर्र, दोन-तीन सेकंद, मग थांबायचं. आणि एक दिवस मीटरमध्ये इंजिनचा दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकली, सिग्नलवरून निघताना जीवच नाही, रेस होतेय पण ओढत नाही. बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर नीट.

पहिल्या गॅरेजमध्ये नेली तर त्यांनी एक चक्कर मारली आणि खाली उतरता उतरताच म्हणाले, ताई, बॉक्स गेलाय (म्हणजे गिअरबॉक्स), दुसरा बसवावा लागेल. बोनेट उघडलं नाही, ऑइल बघितलं नाही, गाडीच्या कंप्युटरमधल्या तक्रारी वाचणारा स्कॅनर लावला नाही. मी विचारलं नक्की काय गेलंय, तर म्हणे ऑटोमॅटिकचं असंच असतं, एकदा त्रास द्यायला लागला की संपलं. मी गाडी घेऊन परत आले, रात्रभर झोप नाही, पण कुठेतरी पटत नव्हतं, कारण जो बॉक्स खरंच संपलाय तो दिवसभर इतका गुळगुळीत गिअर बदलेल कसा?

मग मी एक वही केली. पूर्ण दुरुस्तीत सगळ्यात उपयोगी काही पडलं असेल तर ती वही. प्रत्येक वेळी काही झालं की गाडी थांबल्यावर लिहायचं : इंजिन थंड की गरम, लिव्हर कुठे होता, स्पीड किती, आरपीएमचा काटा कुठे, पाय किती दाबलेला, चढ की सपाट, आणि नेमकं काय झालं. दहा दिवस लिहिलं. आणि दहाव्या दिवशी पानं पुढे-मागे करून बघितल्यावर दिसलं की मी ज्याला एक दुखणं समजत होते ती वेगवेगळी दुखणी आहेत. उशीर फक्त सकाळी, गाडी रात्रभर उभी असेल तेव्हाच. दणका मात्र गरम गाडीतही, डी (ड्राइव्ह, पुढे जायचं) वरून आर केलं की, ॲक्सिलरेटर न देताही. थरथर फक्त गाडी पूर्ण गरम झाल्यावर, एकाच स्पीडला, हलक्या पायावर. आणि गिअर अडकणं एकदाच, ज्या दिवशी सकाळी सेल्फ जरा रडत फिरला होता त्या दिवशी. ही शेवटची नोंद मी केली तेव्हा तिचा काही संबंध असेल असं वाटलंही नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण 'ऑटोमॅटिक' हा शब्द आपण चार वेगळ्या यंत्रांना लावतो आणि मग एकाचा इलाज दुसऱ्यावर करायला जातो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्सच, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त ॲक्च्युएटर म्हणजे एक यांत्रिक हात करतो, त्यात गिअर बदलताना डोकं पुढे-मागे होणं हा थोडाफार स्वभाव आहे, पण उभ्या गाडीत गिअर पडेना किंवा चढावर क्लच जळल्याचा वास यायला लागला तर क्लच प्लेट नाहीतर ॲक्च्युएटर बघायचा. डीसीटी मध्ये दोन क्लच असतात, त्यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने सरकणं सोसत नाही, तो तापतो आणि निघताना थरथरतो. सीव्हीटी मध्ये गिअरच नसतात, दोन पुलींमध्ये बेल्ट नाहीतर चेन असते, तिथे आरपीएम वर-खाली तरंगणं आणि स्पीडबरोबर वाढणारा कुंईं आवाज ही काळजीची खूण. आणि माझा तो जुना टॉर्क कन्व्हर्टरवाला, ज्यात इंजिन आणि बॉक्समध्ये सरळ जोड नसून मधल्या कन्व्हर्टरमध्ये ऑइल फिरतं. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलला पहिला मोठ्या प्रमाणावर बनवलेला पूर्ण ऑटोमॅटिक बॉक्स दिला, त्याचं नावच हायड्रा-मॅटिक होतं, आणि तेव्हापासून या जातीच्या बॉक्समध्ये काम करणारा हात म्हणजे ऑइलचं प्रेशर. इंजिनात ऑइल मुख्यतः वंगणाला असतं. इथे तेच क्लच दाबून धरतं, तेच गिअर बदलतं, तेच थंडावा देतं. म्हणून ऑइल न बघता या बॉक्सबद्दल कुणी निकाल देत असेल तर त्याचं ऐकायचंच नाही असं माझं ठाम मत आहे.

ऑइल बघायची पण रीत आहे. इंजिन ऑइल आपण बंद गाडीत बघतो, याचं बहुतेक गाड्यांत उलट. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालूच ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, परत पी, हँडब्रेक, आणि मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पुसून परत घालून वाचायची. काही कंपन्यांचं वेगळं असतं, होंडाच्या बऱ्याच गाड्यांना गरम करून इंजिन बंद केल्यावर लगेच बघतात, त्यामुळे गाडीचं मॅन्युअल आधी वाचायचं. हॉट आणि कोल्ड अशा दोन खुणा असतात कारण हे ऑइल तापलं की फुगतं, थंड गाडीत हॉटच्या खुणेपर्यंत भरलं तर गरम झाल्यावर ते जास्त होतं, आणि जास्त झालेलं ऑइल आत फिरणाऱ्या भागांना लागून फेसाळतं आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही, म्हणजे कमी ऑइलची जी लक्षणं तीच जास्त ऑइलचीही. आजकालच्या पुष्कळ गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथे गाडी लिफ्टवर सरळ उचलून, ऑइल कंपनीने दिलेल्या तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून खालचा लेव्हलचा नट काढून बघतात, ते घरी करायचं काम नाही.

मी डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसली. नवीन ऑइल बहुतेक लालभडक असतं. माझं तपकिरी होतं, जुन्या गुळवणीसारखं, पण नाकाजवळ नेलं तर जळका वास नव्हता, आणि बोटांच्या चिमटीत चोळलं तर कचकच लागली नाही. काळं आणि जळका वास असता तर आतल्या क्लच प्लेटा जळल्यात. दुधाळ गुलाबी असतं तर त्याहून वाईट, कारण बऱ्याच गाड्यांत बॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो, तो आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि क्लच प्लेटांचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तोच सुटायला लागतो. तसं दिसलं तर गाडी तिथेच बंद, चालवायची नाही.

रंग ठीक होता पण पातळी हॉटच्या खालच्या खुणेच्याही बरीच खाली. आता हे लक्षात घ्या, इंजिन थोडंफार ऑइल खाऊ शकतं, ऑटोमॅटिक बॉक्स ऑइल खात नाही, बंद सर्किट आहे ते, कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर गेलं. खाली वाकून टॉर्च मारला तर जमिनीवर डाग नव्हता, पण कूलरकडे जाणाऱ्या रबरी होसच्या जॉइंटला धूळ चिकटून काळी ओलसर पट्टी झाली होती, साधारण बोटभर. एवढंच. थेंब पडायच्या आधीच धूळ तो पिऊन टाकत होती म्हणून कुणाला दिसला नाही.

हे फोटो आणि वही घेऊन मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेले, वयस्कर आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी वही वाचली, शांतपणे, प्रत्येक पान, आणि मग म्हणाले, "ताई, एक एक करून बघू." मला तिथेच निम्मं बरं वाटलं.

आधी स्कॅनर. कोड तीन निघाले. पी०७०० हा कोड बघून घाबरू नका, तो फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, खरी तक्रार दुसऱ्या कोडमध्ये असते, आणि काही साधे स्वस्त स्कॅनर नेमका तो दुसरा कोड वाचतच नाहीत. दुसरा होता पी०७४१, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, जो एकसारख्या स्पीडला इंजिन आणि बॉक्स सरळ जोडतो, तो नीट पकडत नाहीये. आणि तिसरा पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. या तिसऱ्यावर काका वहीत बोट ठेवून म्हणाले हे बघ, सेल्फ रडला तो दिवस. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पावडर साचलेली होती आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल. कंप्युटरला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की त्याचा सोलेनॉइडवर (ऑइलची वाट उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह) भरवसा राहत नाही, मग तो बॉक्स वाचवायला गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो, याला लिंप मोड म्हणतात. टर्मिनल घासून साफ केली, पट्टी आवळली, त्यानंतर तो प्रकार आजपर्यंत झालेला नाही. या एका दिवसाच्या प्रकारावरून मला पूर्ण बॉक्स बदलायला सांगितलं होतं, याचा मला अजून राग आहे.

मग दणका. काकांनी मला आत बसवलं, हँडब्रेक ओढून ब्रेक गच्च दाबायला लावला, बोनेट उघडं, स्वतः बाजूला उभे राहिले (गाडीच्या समोर कधीच उभं राहायचं नाही), आणि मला म्हणाले डी, आता आर, आता डी. मी बसल्या जागेवरूनच बघितलं, प्रत्येक वेळी इंजिन एका बाजूने चांगलं चार बोटं उचलून परत आपटत होतं. इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर फाटलेलं. बॉक्सशी काही संबंधच नाही. गरम गाडीचं आयडलिंग, म्हणजे पाय न देता उभ्या गाडीचा आरपीएम, ७००-८०० च्या ऐवजी ११०० वगैरे राहत असेल तरी असाच दणका येतो, तेही बघून घ्यायचं, माझं ठीक होतं.

सकाळचा उशीर म्हणजे कमी ऑइल. रात्रभर गाडी उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं थोडं ऑइल खाली चेंबरमध्ये (बॉक्सच्या तळाचा ऑइल साठवणारा भाग) उतरतं, सकाळी पंपाने ते परत भरायचं असतं, आणि पातळी मुळातच कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. प्रेशर तयार व्हायला चार-पाच सेकंद लागले म्हणजे क्लच तेवढा वेळ मोकळा, आणि तेवढ्यात मी ॲक्सिलरेटर दिला की तो फिरत्या इंजिनावर एकदम पकडणार, म्हणून ती लाथ. तेव्हा अशा वेळी ॲक्सिलरेटर अजिबात द्यायचा नाही, थांबायचं. जुन्या बॉक्समध्ये आतली सीलं कडक झाली की पण हेच होतं, आणि मग नुसतं ऑइल भरून भागत नाही, माझ्या बाबतीत भागलं.

राहिली थरथर. ही ओळखायची युक्ती काकांनी मला रस्त्यावर दाखवली आणि ती मला फार आवडली. मोकळा रस्ता, मागे कुणी नाही याची खात्री करून ७० ला गाडी स्थिर ठेवायची, थरथर सुरू झाली की उजवा पाय जराही न हलवता डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त स्पर्श करायचा, गाडी थांबेल इतका नाही, मागचा दिवा लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच लागला की कंप्युटर लॉक-अप क्लच सोडतो. काटा थोडा वर सरकला आणि थरथर त्या क्षणी गायब. पाय काढला, दोन सेकंदांनी परत घुर्रर्र. इंजिन मिसिंग असतं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसता, तर ब्रेकला पाय लावून असं साफ गेलं नसतं, आणि चढावर जोर दिल्यावर ते वाढलं असतं, कमी नाही. पुष्कळ लोक या थरथरीसाठी प्लग बदलतात, कॉइल बदलतात, टायर बॅलन्स करून आणतात.

लॉक-अप क्लचची थरथर बऱ्याचदा म्हाताऱ्या ऑइलमुळे असते, कारण त्या ऑइलमध्ये घर्षण सांभाळणारी जी द्रव्यं असतात ती संपलेली असतात. म्हणून ठरलं की आधी होस आणि क्लिप बदलायची, मग ऑइल. मशीन लावून सगळं फ्लश करायला काका तयार नव्हते आणि मलाही ते पटलं, एवढ्या वर्षांची आत बसलेली घाण जोराने ढवळून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल हवं तिकडे वळवणारा भाग) बारीक वाटांत ढकलण्यात मला शहाणपण वाटत नाही. पण नट काढून नुसतं खाली केलं तर सगळं ऑइल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये बरंच अडकून राहतं. माझ्या बॉक्समध्ये एकूण आठ लिटर बसतं, एका वेळी निघतं साधारण साडेतीन. म्हणजे पहिल्या बदलानंतर जुनं ऑइल ५६ टक्के उरलं, चारशे-पाचशे किलोमीटर चालवून दुसऱ्यांदा केल्यावर ३२ टक्के, तिसऱ्यांदा १८. आम्ही तीनदा केलं. प्रत्येक वेळी निघालेलं ऑइल मापाच्या बाटलीत मोजलं आणि तेवढंच मोजून भरलं, पहिल्या वेळी कमी असलेलं वरून.

चेंबर उघडलं तो क्षण मी विसरणार नाही. आत एक लोहचुंबक असतं, त्यावर काय चिकटलंय त्यावरून बॉक्सचं आयुष्य कळतं. माझ्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा होता, काजळ-तेल कालवल्यासारखा, काकांनी तो अंगठ्याने पसरून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले बघ टोचतंय का काही. नव्हतं टोचत. लगदा म्हणजे नेहमीची झीज. चकत्या, तुकडे, कीस निघाला असता, किंवा क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे चेंबरभर असते, तर मी स्वतःच बॉक्स उतरवा म्हणाले असते. कारण तिथे मग ऑइल बदलून काही होत नाही, जळलेला क्लच नवीन ऑइलने परत येत नाही. रिव्हर्स अजिबातच पडत नाही, गरम झाल्यावर प्रत्येक गिअर घसरतो आणि काटा वर जाऊन स्पीड तसाच राहतो, अशा गाडीला खरंच बॉक्स खोलावा लागतो, तिथे आशा धरून आणखी चालवत राहिलं तर खर्च वाढतोच.

ऑइल कुठलं, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तेच. लाल दिसतं म्हणून सगळी एकच नसतात, आणि सीव्हीटी मध्ये साधं एटीएफ (साध्या ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल) घातलं तर बेल्टला हवी तशी पकडच मिळत नाही. आणि 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं' हे कुणी सांगितलं तर हे सांगा की झेडएफ, जी स्वतः हे बॉक्स बनवून कितीतरी गाड्यांच्या कंपन्यांना देते, तीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते.

मध्येच धाकट्या बहिणीचा फोन आला होता, तिच्या गाडीचा लिव्हर पी मधून निघेचना, तिलाही कुणीतरी बॉक्स जाम झालाय सांगून मोकळं झालेलं. मी म्हटलं ब्रेक दाब आणि कुणाला तरी मागचे दिवे बघायला सांग. दिवे लागत नव्हते. ब्रेकचा स्विच गेलेला, गाडीला कळतच नव्हतं की ब्रेक दाबलाय, म्हणून ती लिव्हर सोडत नव्हती. लिव्हरच्या बाजूला छोटं झाकण असतं, ते काढून आत चावी दाबली की लिव्हर सुटतो, तसं करून ती मेकॅनिकपर्यंत गेली. तसंच पी मध्ये गाडी चालू होत नाही पण एन (न्यूट्रल) मध्ये होते असं झालं, तर लिव्हरची जागा सांगणारा स्विच किंवा लिव्हरची केबल आधी बघायची.

माझी गाडी पहिल्या बदलानंतर लगेच बरी झाली असं नाही. थरथर निम्म्यावर आली, दुसऱ्यानंतर कधीतरीच, तिसऱ्यानंतर जवळजवळ गेली. लांबच्या प्रवासात भर उन्हात, बॉक्स खूप तापला की एखाद्या वेळी हलकीशी जाणवते, लॉक-अप क्लच थोडा झिजलेला आहेच आणि तो काही मी नवा करू शकलेले नाही, पुढेमागे कन्व्हर्टर काढावा लागेल हे मला माहीत आहे. पी०७४१ परत आलेला नाही. डोंगर उतरताना आता एन करत नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर वरून डी टाकत नाही, आणि चढावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी, म्हणजे गाडीचा सगळा भार पी ला बॉक्स अडकवून धरणाऱ्या आतल्या एका छोट्या खिटीवर येत नाही.

वही अजून चालू आहे. परवा तिसऱ्या बदलाला ८,००० किलोमीटर झाले म्हणून गरम करून डिपस्टिक काढली, पातळी दोन खुणांच्या बरोबर मधे, रंग थोडा गडद पण लाल. मग खाली वाकून होसच्या जॉइंटवरून बोट फिरवलं, कोरडं होतं.